मालतीचं माहेर

कलिंगड आणि गाडी एकाच पद्धतीनं पारखणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पाटणकरकाका. जर्मनीत, आमच्या त्सुफेनहाउझेनच्या तुर्की दुकानात ते कलिंगडांच्या ढिगाशी उभे राहायचे, मधल्या बोटाचं पेर वाकवून टकटक करायचे, कान जवळ न्यायचे आणि मान हलवून पुढच्या कलिंगडाकडे वळायचे. दुकानदार सुरुवातीला वैतागायचा. पुढे तो स्वतःच्या घरचं कलिंगडही काकांकडून निवडून घ्यायला लागला. हीच टकटक काका जुन्या गाड्यांच्या पत्र्यावर करत. पत्रा शाबूत असला की खणखणीत आवाज येतो, आतून गंजलेला आणि वरून लांबी भरून रंगवलेला असला की बद्द. "आल्झो, मृणाल," ते मला म्हणायचे, "माणसांवर अशी टकटक करायची सोय हवी होती. फार त्रास वाचला असता."

आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. काका मूळचे सांगलीजवळच्या एका गावचे. ब्रेक बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीत नोकरीची सगळी वर्षं काढून निवृत्त झालेले. उंची बेताची, मिश्या पांढऱ्याशुभ्र, पायात मोजे घालून वर सँडल. ही जर्मन सवय त्यांनी अगदी मनापासून उचलली होती. दुसरी सवय म्हणजे प्रत्येक वाक्याआधी 'आल्झो', म्हणजे आपलं 'तर मग'. देवापुढे आरती सुरू करतानाही हे आधी आल्झो म्हणतात, अशी काकूंची तक्रार होती, आणि ती खरी होती, मी ऐकलंय.

आमच्या इमारतीच्या मागच्या आवारात, ज्याला सगळे हिंटरहोफ म्हणायचे, पूर्वी सुताराचा कारखाना होता. तो काकांनी भाड्यानं घेतला होता. तिथे ते अमेरिकेतल्या जुन्या गाड्या आणून दुरुस्त करत. अमेरिकेतल्याच का, असं मी एकदा विचारलं. मला गाडीतलं कळतं ते एवढंच की ती लाल आहे की निळी, त्यामुळे प्रश्न अगदी भाबडा होता. उत्तर मात्र लांबलं.

त्यांच्या गावात एका बड्या बागायतदाराच्या आवारात एक अमेरिकन मोटार उभी असायची. कुठल्याशा संस्थानातून हौसेनं आणलेली. बिघडली, आणि दुरुस्त कोण करणार म्हणून राहिली ती राहिलीच. लहानपणी काका कुंपणावर चढून ती बघायचे. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. "मखमलीच्या सीटवर गं! मखमलीच्या!" हे सांगताना इतक्या वर्षांनंतरही त्यांचा आवाज चढायचा. तेव्हापासून 'कोंबड्या बसवणे' हा त्यांचा खास वाक्प्रचार झाला. चांगली वस्तू न वापरता ठेवली की कोंबड्या बसवल्या. माझ्या ट्रेडमिलवर वाळत घातलेले कपडे बघून ते म्हणाले, "बसवल्यास का कोंबड्या?" आणि मी रागावले, कारण ती ट्रेडमिल महाग होती आणि ते बरोबर होते.

अमेरिकेत शेतांतून, पडवीतून, झाडाखाली अशा किती गाड्या सडत पडल्यात याचा त्यांना हिशेबच लागायचा नाही. सकाळचा चहा घेऊन ते संगणकावर जाहिराती बघत बसत, आणि एखादा फोटो दिसला की आजारी नातेवाइकाची बातमी आल्यासारखे चुकचुकत. मग विकणाऱ्याला व्हिडिओ कॉल. इंजिनाबद्दल ते शेवटी विचारायचे. आधी प्रश्न असा, की या गाडीत कोण कोण बसायचं? विकणाऱ्याला वाटायचं, हा म्हातारा चक्रम आहे. पण बहुतेक जण सांगत, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज मऊ व्हायचा. गाडी जहाजानं ब्रेमरहाफेनला यायची, काका ती वर्ष-दीड वर्ष खपून उभी करायचे आणि चांगल्या घरी द्यायचे. जर्मनीत या गाड्यांचे वेडे पुष्कळ. देतानाही अट असायची: चालवणार असाल तर घ्या.

एक गाडी मात्र त्यांनी कुणालाच दिली नाही. फिकट हिरवी, लांबलचक स्टेशन वॅगन. साठ-एक वर्षांची असेल. तिच्या विक्रेत्यानं शेतात उभं राहून फोन धरला होता, आणि गाडीच्या पुढच्या बंपरमधून एक झाड वर आलेलं दिसत होतं. कोण बसायचं, या प्रश्नावर तो म्हणाला, "आईची होती. पडून आहे. घेऊन जा." काका कितीतरी दिवस धुमसत होते. "आईची होती म्हणाला, आणि जांभई दिली. कॅमेऱ्यासमोर!"

ती आली तो दिवस मला पक्का आठवतो, कारण त्या आठवड्यात आवार झाडायची पाळी माझी होती. आमच्याकडे स्वाबियात याला केअरवोखं म्हणतात. जिना आणि आवार आळीपाळीनं झाडायचं, आणि तळमजल्याच्या फ्राउ ह्योफ्लरनी ते तपासायचं. अशा पवित्र आठवड्यात काकूंनी ठरवलं की गाडीचा गृहप्रवेश करायचा. "परक्या घरून आलीय, तशीच कशी आत घ्यायची?" नाव ठेवायचं म्हणून तबकात तांदूळ पसरले आणि काकांनी अंगठीनं त्यात लिहिलं: मालती. मग उंबरठ्यावर माप. काकूंनी पितळी माप तांदळानं काठोकाठ भरून कारखान्याच्या दारात ठेवलं आणि काकांना म्हणाल्या, "अहो, हळूच ढकला, नुसतं चाक लागलं पाहिजे."

सव्वादोन टनांची सूनबाई. हळूच कसली ढकलताय! आम्ही सहा जणांनी जोर लावला आणि ती जी निघाली, ती माप ओलांडायच्या भानगडीतच पडली नाही, त्याची पोळी करून आत गेली. तांदूळ आवारभर. खिडकीतून फ्राउ ह्योफ्लर बघत होत्या. मी झाडू घेऊन वाकले तेव्हा त्या खाली आल्या, चपटं माप उचलून उलटसुलट केलं आणि गंभीरपणे विचारलं, "टायरची चाचणी होती का?" काका म्हणाले, "गेनाऊ. अगदी बरोबर." ते माप काकूंनी पुढे पोळपाटाखाली टेकू म्हणून वापरलं. त्यांच्या घरात काही वाया जायचं नाही.

जुन्या गाडीला जर्मनीत मानाचा नंबर मिळतो, पण त्यासाठी तपासणी करणारा प्रूफर येऊन सगळं मूळचंच आहे ना, हे बघतो. मालतीच्या वेळी आलेला प्रूफर तरुण, करकरीत इस्त्रीचा. त्यानं खालून-वरून तासभर पाहिलं. शेवटी आत डोकावला. डॅशबोर्डवर काकूंनी ठेवलेला ओटीचा नारळ होता. "हे काय?" काकांनी सांगितलं, मंगल असतं. प्रूफरनं विचार केला आणि म्हणाला, "गाडी निर्दोष आहे. पण नारळ हा न बांधलेला माल आहे. ब्रेक मारलात तर काचेवर येईल." काकांना हे इतकं आवडलं! ब्रेकवाला माणूस. त्यांनी तिथल्या तिथे नारळाला सुतळीनं बांधलं, आणि पुढे कित्येक दिवस 'याला म्हणतात इंजिनिअर' असं सगळ्यांना सांगत फिरले.

रविवारी सकाळी काका मालतीतून ब्रेत्सेल, म्हणजे इथला पीळ घातलेला खारा पाव, आणायला जायचे. बेकरी चालत पाच मिनिटांवर. एवढ्या लांब गाडीला तिथे जागा मिळायची नाही, म्हणून तीन गल्ल्या पलीकडे लावून ते चालत यायचे, म्हणजे घरून गेले असते त्यापेक्षा जास्त. माझ्या नवऱ्यानं हे दाखवून दिलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ब्रेत्सेल हे निमित्त आहे रे." इथल्या मराठी मंडळाचा गणपती दरवर्षी मालतीतूनच यायचा, आणि मागून येणाऱ्या गाड्या त्या वेळी मुद्दाम ओव्हरटेक न करता सोबत चालायच्या.

हे असं सगळं लाडाचं चाललेलं असलं, तरी एका विषयावर काकांची जीभ तिखट होती. दर उन्हाळ्यात जुन्या अमेरिकन गाड्यांचा मेळावा भरायचा. तिथे एकदा एका अमेरिकन गृहस्थानं मालतीभोवती फेरी मारली आणि तो कळवळून म्हणाला, "आमच्या चांगल्या गाड्या तुम्ही लोक उचलून आणता. आमच्याकडे पुढच्या पिढीला बघायला काही उरणार नाही." काका थर्मासमधला चहा ओतत होते. ते मान वर न करताच म्हणाले, "साहेब, ही तुमच्याकडे होती तेव्हा तिच्यातून झाड उगवलं होतं. झाड तुमच्याकडेच ठेवलंय, ते दाखवा पुढच्या पिढीला." बाकीचे हसले, पण त्या गृहस्थाचा चेहरा उतरला. परतताना घराजवळ आल्यावर काका म्हणाले, "त्याला चहा द्यायला हवा होता."

आणि मग नॅन्सी आली.

मागच्या वर्षी मे महिन्यात. पासष्टीची, सडपातळ, आखूड केसांची बाई. हॉस्पिटलात नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेली. शेतात जांभई देणाऱ्या त्या गृहस्थाची ही बहीण. ती दूर दुसऱ्या राज्यात नोकरीला असताना भावानं तिला न विचारता गाडी विकली होती. भावाकडून पत्ता काढून, फोन करून, ती नुसती बघायला म्हणून आली होती. कारखान्याचं दार उघडल्यावर ती बराच वेळ बाहेरच उभी राहिली. मग ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीवर हात ठेवून म्हणाली, "आई गावातल्या म्हाताऱ्यांना यातून डॉक्टरकडे न्यायची. मी नर्स झाले ते त्यामुळे."

काकूंच्या दृष्टीनं हे मालतीच्या माहेरचं माणूस. पुरणपोळीचा घाट घातला. मला वाढायला बोलावलं. नॅन्सी पोळी तुपात बुडवून खात होती, काका वाटी घेऊन तूप वाढत होते, सगळं छान चाललं होतं. निघताना काकूंनी तिला हळदकुंकू लावलं, ओटी भरली आणि त्यांच्या शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "तुमच्या घरची लेक आहे. हवी तेव्हा घेऊन जा."

आता हे असं आपल्याकडे म्हणतात. चार दिवस माहेरी न्या, घर आपलंच समजा, अजून एक पोळी घ्याच. समोरच्यानं 'छे हो' म्हणायचं असतं. नॅन्सीला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिनं काकूंना मिठी मारली आणि रडायलाच लागली. "खरंच? मी उद्याच जहाजाची चौकशी करते."

काका तुपाची वाटी हातात धरून तसेच उभे राहिले.

ती गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "मृणाल, तुझं इंग्रजी चांगलं आहे. तिला नीट समजावून सांग. ही म्हणायची पद्धत असते म्हणावं." मी मनात वाक्यं जुळवायलाही लागले होते. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या.

"काही समजवायचं नाहीये. मी पद्धत म्हणून नाही बोलले."

"अगं, पण मालती..."

"अहो, मिरजेचं आमचं घर दादानं विकलं, ते मला कधी कळलं? पेढे घेऊन आला तेव्हा. मी पेढा खाल्ला आणि मग विचारलं, कशाबद्दल. त्या बाईनं दाराच्या मुठीवर हात ठेवला ना, तेव्हाच मी ठरवलं."

मी काकूंना इतकी वर्षं ओळखत होते. मिरजेच्या घराबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या. बहुधा काकांशीही नाही, कारण त्यांनी तुपाची वाटी खाली ठेवली आणि खुर्ची ओढून ते काकूंसमोर बसले.

त्या रविवारी ब्रेत्सेल आले नाहीत. काका दिवसभर कारखान्यात असायचे आणि काहीच करत नसायचे. मी कचरा टाकायला गेले तर ते मालतीच्या पत्र्यावर टकटक करत होते. एवढा खणखणीत पत्रा, त्यात ऐकायचं काय राहिलं होतं? मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि काकूंचंही पटत होतं, त्यामुळे मी दोघांवरही चिडले.

शेवटी त्यांनी नॅन्सीला बोलावलं. मला साक्षीदार म्हणून बसवलं.

"आल्झो. ठेवणार कुठे?"

"भावाच्या शेतावर नाही. माझ्या घराला गॅरेज आहे."

"चालवणार कोण?"

"मी. आठवड्यातून दोनदा. गावात डॉक्टरकडे जायला अजूनही म्हाताऱ्यांना कुणी नाही."

काकांनी मिशी चोळली. "बिघडली तर?"

नॅन्सी म्हणाली, "कुणीतरी मेकॅनिक शोधीन."

"म्हणजे कोंबड्या," काका म्हणाले, आणि तिला त्यांनी मखमलीच्या सीटची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. "आमच्याकडे गांधीलमाश्या होत्या," ती म्हणाली, "आईच्या सीटखाली. भावानं मला फोटो पाठवला होता. गंमत म्हणून."

त्यानंतर काका जे बोलले, ते ऐकून मी खुर्चीत सरळ बसले. "तीन आठवडे इथे राहा. मी शिकवतो. दुरुस्ती आणि चालवणं, दोन्ही. जमलं तर मालती तुमची. नाही जमलं तर माझी." पैशांचं काय ठरलं मला माहीत नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

नॅन्सीनं परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि ती पाटणकरांच्या मधल्या खोलीत राहायला आली. काकांनी पहिल्याच दिवशी तिच्यापुढे कार्ब्युरेटर सुटा करून ठेवला. एवढे बारीक बारीक भाग, मला तर बघूनच घेरी आली. ती हरावी अशी त्यांची इच्छा होती, हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं. "आहेच," ते म्हणाले. "पण शिकवण्यात लबाडी करणार नाही." आणि केली नाही. नॅन्सीनं एक पांढरं फडकं अंथरलं, ऑपरेशनची हत्यारं मांडावी तसे सगळे भाग ओळीनं मांडले, एकेक पुसला आणि बसवला. दुसऱ्या दिवशी तिनं तो स्वतःच पुन्हा सुटा केला, खात्री करायला. संध्याकाळी काका जिन्यात भेटले. "बाई पक्की आहे गं," ते म्हणाले. बोलताना खूशही होते आणि रडवेलेही.

ब्रेक जमले, तेल-पाणी जमलं, पत्र्यावरची टकटकही जमली. जमेना तो क्लच. नॅन्सीनं जन्मभर ऑटोमॅटिक गाड्या चालवलेल्या. स्टिअरिंग काकांनी स्वतःच्या लेकीलाही कधी दिलं नव्हतं, ते नॅन्सीला दिलं, आणि मालती प्रत्येक चढावर, प्रत्येक सिग्नलला गचका खाऊन बंद पडायची. मागचे लोक हॉर्न मारत. काका शेजारी बसून छताकडे बघत. जहाजाची तारीख जवळ आली तरी तेच. "क्लच म्हणजे निम्मी गाडी," काका म्हणत. काकू मात्र नॅन्सीच्या ताटात एक पोळी जास्त वाढायच्या.

हे सगळं झाल्यावर महिन्याभरात माझ्या नोकरीमुळे आम्ही बाड हॉम्बुर्गला आलो, आणि काका-काकूही कोलोनला लेकीजवळ राहायला गेले. फोन होतात. काका आता नातजावयाची सायकल दुरुस्त करतात, आणि तिथल्या दुकानदाराला कलिंगडं निवडून देतात. पण डोळ्यांसमोर येतात ते मालती निघाली त्या सकाळचेच.

ब्रेमरहाफेनपर्यंत गाडी तिघांनी मिळून न्यायची होती. पण काकांनी आदल्या संध्याकाळी सांगून टाकलं, "आपल्या गल्लीच्या टोकाला सिग्नल आहे, चढावर. तिथून न बंद पडता निघाली तर ब्रेमरहाफेन. बंद पडली तर वळून घरी." हे ते गमतीनं म्हणाले असं मला वाटलं होतं. सकाळी त्यांचा चेहरा बघितला तेव्हा कळलं, की अजिबात गमतीनं नव्हतं.

नॅन्सी स्टिअरिंगवर बसली. काकू डबा मांडीवर घेऊन तिच्या शेजारी. काकांनी मागचं दार उघडलं, तळाची फळी उचलली आणि आतून एक तिसरी सीट बाहेर काढली. तोंड मागे करून बसायची, मुलांसाठीची सीट. मला ती आहे हेही ठाऊक नव्हतं.

"काका, तिथे कुठे बसता? पुढे बसा, तिला सांगायला."

"नको. पुढे बसलो की माझा पाय आपोआप क्लच दाबतो." ते गुडघे पोटाशी घेऊन आत बसले आणि त्यांनी पट्टा लावला. "आल्झो. तिची तिलाच करू दे."

गाडी गल्लीतून हळूहळू वर गेली आणि टोकाला लाल दिव्यापाशी थांबली. तिच्यामागे एक डिलिव्हरीची व्हॅन येऊन उभी राहिली, पण जरा तिरकी, त्यामुळे मला फाटकातून काका दिसत होते. निरोप घेऊन झाला होता, हात हलवून झाला होता, आता आम्ही नुसतेच एकमेकांकडे बघत होतो. व्हॅनचा ड्रायव्हर समोरच्या गाडीत आपल्याकडे तोंड करून बसलेल्या या मिशाळ म्हाताऱ्याकडे चकित होऊन बघत होता. काकांनी त्याला नमस्कार केला.

दिवा पिवळा झाला. काकांनी डोळे मिटले आणि मान किंचित कलती केली. फाटकाची कडी मी घट्ट धरून ठेवली होती, आणि खरं सांगते, मला काय व्हायला हवं होतं ते मला त्या क्षणीही ठरवता आलं नाही. हिरवा झाला. इंजिनाचा आवाज जरा वाढला, एक पळ तसाच टांगून राहिला, आणि मालती लोण्यातून सुरी जावी तशी पुढे सरकली. गचका नाही, काही नाही.

काकांनी डोळे उघडले. दोन बोटं जुळवून मला 'झकास' अशी खूण केली. मग दोन्ही हातांनी डोळे पुसले, हसले, आणि गाडी चढावरून दिसेनाशी होईपर्यंत त्या व्हॅनवाल्याला मोठमोठ्यानं काहीतरी सांगत राहिले. काचेतून शब्द ऐकू येत नव्हते, पण त्यांचं बोट सारखं खांद्यावरून मागे, नॅन्सीकडे जात होतं.